उचकी

गेल्या आषाढांतील गोष्ट. बाहेर पावसाची झड लागलेली होती, आणि मुलुंडच्या आमच्या घरांत ऐन दिवेलागणीच्या वेळीं एक आपत्ति कोसळली. राउटर नांवाची जी वीतभर पेटी भिंतीवर बसून साऱ्या घराला इंटरनेट पुरविते, ती एकाएकीं मुकी झाली. सूनबाईची कचेरीची सभा अर्ध्यावर तुटली, नातवाचा अभ्यास (असें तो म्हणाला) थांबला, आणि आमच्या वहिनींची संध्याकाळची मालिका नायिकेच्या डोळ्यांत पाणी येतां येतांच अदृश्य झाली. एवढ्याशा पेटीवर तीन पिढ्यांचें स्वास्थ्य टांगलेलें असावें याचें मी मनांतल्या मनांत नवल करीत होतों, तोंच मला एक ओळखीचा आवाज ऐकूं आला.

टिक्. मग क्षणभर शांतता. पुन्हां टिक्. पुन्हां शांतता.

आवाज राउटरचा नव्हता. त्याला वीज पुरविणारा जो काळा ॲडाप्टर सॉकेटमध्यें खोंवलेला असतो, त्याच्या पोटांतून तो येत होता. घरांतील मंडळींनीं आपापले निर्णय तत्काळ देऊन टाकले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तो जळला. मी नवा मागवतों, उद्यां सकाळीं दारांत येईल." सूनबाई म्हणाली, "आधीं तो काढून ठेवा. पावसाळ्याचे दिवस, उगाच आग लागायची." नातू तर तो आतां फुटणार असें जाहीर करून दोन पावलें मागें सरला. खिडकीजवळच्या खुर्चींत बसलेल्या वहिनी मात्र थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो भाऊजी, उचकी लागली आहे त्याला. कोणी तरी आठवण काढीत असेल."

सारे हंसले. मला हंसूं आलें नाहीं. वीजपुरवठ्याचीं असलीं यंत्रें बांधण्यांत माझें सारें आयुष्य गेलें. आणि त्या आवाजाला आमच्या धंद्यांत जें इंग्रजी नांव आहे, त्याचा अर्थ उचकी असाच आहे. वहिनींनीं रोगाचें नांव अचूक सांगितलें होतें. त्यांनीं दिलेलें कारणहि, पुढें पाहतां, अगदींच चुकीचें ठरलें नाहीं.

माझें वय आतां ७२ आहे. १९७५ सालीं पदविका घेऊन मी अंधेरीस एका कारखान्यांत लागलों. निर्यातीच्या इलेक्ट्रॉनिक मालासाठीं काढलेली सीप्झ ही वसाहत तेथें १९७३ सालीं सुरू झाली होती, आणि तिच्या आसपास मरोळकडे लहानमोठे कारखाने भराभर उभे राहत होते. त्यांतलाच आमचा एक. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल, आणि तेथून असल्फा, साकीनाका, मरोळ असें करीत धक्के खात जाणारी बस, असा माझा रोजचा क्रम. आज त्याच रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. पण ती २०१४ सालीं आली, आणि तोंवर मी निवृत्त झालों होतों.

विद्युत्प्रवाहाच्या अतिरेकाशीं माझी पहिली ओळख मात्र कारखान्यांत झाली नाहीं. ती लहानपणीं घरींच झाली. उपनगरांना वीज पुरविण्यासाठीं १९२९ सालीं बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. अंधेरी-बोरिवलीच्या जुन्या लोकांच्या तोंडीं 'बीएसईएस' हीं तिचीं अक्षरें अजून आहेत, जरी २०१८ पासून तें काम अदानी कंपनीकडे गेलें आहे. आमचें मुलुंड आणि शेजारचें भांडुप आज महावितरणच्या पदरांत आहे. वीज कोणाचीहि असो, घरांत ती शिरते तेव्हां तिच्या वाटेवर एक पहारेकरी बसवावा लागतो. आमच्या जुन्या घरीं दारावरच्या लाकडी फळीवर पांढऱ्या चिनी मातीचे दोन फ्यूज होते. कल्पना फार साधी; एडिसननें १८९० सालीं तिचें पेटंट घेतलें. प्रवाहाच्या मार्गांत मुद्दाम एक दुबळी तार ठेवावयाची. प्रवाह मर्यादेबाहेर गेला कीं ती तार वितळते, आणि घर वांचतें.

उन्हाळ्यांत आमचा फ्यूज वारंवार जाई. वडील खुर्चीवर चढून, मेणबत्तीच्या उजेडांत नवी तार बांधीत. एके दिवशीं त्रासून त्यांनीं तांब्याची चांगली जाड तार घालून टाकली. फ्यूज जाण्याचें थांबलें, आणि आम्हां सर्वांना वाटलें कीं दुरुस्ती झाली. आठ दिवसांनीं माजघरांतील तारांवरची लाकडी पट्टी धुमसूं लागली. शेजाऱ्यांनीं मुख्य बटण बंद केलें म्हणून निभावलें. दुबळी जागा नाहींशी झालीच नव्हती. आमच्या दृष्टीआड, भिंतीवरच्या पट्टींत जाऊन ती बसली होती. पुढें एमसीबी आल्या. आपोआप पडणाऱ्या त्या बटणाचें पेटंट जर्मनींत ह्यूगो स्टॉट्झ यानें १९२४ सालीं घेतलें होतें. आपल्याकडे घरोघरीं तें बटण फार उशिरां पोहोंचलें. त्यांत जाड तार घालण्याची सोय नाहीं, हा त्याचा मोठा गुण!

फ्यूजनें घर वांचतें, पण आजचीं नाजुक यंत्रें वांचत नाहींत. तें कां, हें सांगावयाचें तर ॲडाप्टरच्या पोटांत डोकावलें पाहिजे. वाचकांनीं तीन-चार परिच्छेद माझ्याबरोबर आंत यावें अशी माझी विनंती आहे.

जुन्या रेडिओंत विजेचा दाब उतरविण्यासाठीं लोखंडी पत्र्यांचें एक जड रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असे. आपल्या घरांतील वीज सेकंदाला ५० आवर्तनें करते, आणि एवढ्या सावकाश गतीला रोहित्र मोठेंच लागतें. एसएमपीएस नांवाच्या नव्या पद्धतींत २३० व्होल्टची ती उलटसुलट वाहणारी वीज प्रथम एकाच दिशेची केली जाते. तेव्हां तिचा दाब सुमारें ३२५ व्होल्ट भरतो. मग एक ट्रान्झिस्टर तिला सेकंदाला ५०,०००, कधीं १,००,००० वेळां जोडतो आणि तोडतो. या वेगाला आगपेटीहूनहि लहान असें फेराइटचें रोहित्र पुरतें. पिंपांतील पाणी तांब्या तांब्यानें काढून बागेला घालावें, तसा हा प्रकार. तांब्या दर वेळीं किती भरावयाचा, म्हणजे ट्रान्झिस्टर किती काळ जोडलेला ठेवावयाचा, हें नखाएवढी एक चिप ठरविते. तीच या घरची कारभारीण. तिला नियंत्रक म्हणतात.

अडचण अशी कीं, हा ट्रान्झिस्टर फार अल्पायुषी. प्रवाह भलताच वाढला तर तो कांहीं मायक्रोसेकंदांत जळतो, आणि फ्यूजची तार वितळावयास त्याच्या हजारपट वेळ लागतो. महागडा ट्रान्झिस्टर आधीं स्वतः जळतो आणि स्वस्त फ्यूजला वांचवितो, असा एक कडवट विनोद आमच्या धंद्यांत आहे. म्हणून पहाऱ्याचें काम नियंत्रकालाच सांगावें लागलें. १९८० नंतरच्या दशकांत यूनिट्रोड या अमेरिकन कंपनीची यूसी ३८४२ नांवाची आठ पायांची एक चिप आली आणि देशोदेशींच्या पुरवठ्यांत जाऊन बसली. तिचा तिसरा पाय हा पहारेकरी. ट्रान्झिस्टरच्या वाटेवर एक लहानसा रोध, समजा अर्ध्या ओहमचा, ठेवलेला असतो. त्यांतून २ अँपिअर वाहूं लागले कीं त्याच्यावर १ व्होल्टचा दाब उभा राहतो. तिसऱ्या पायाला तो १ व्होल्ट दिसला रे दिसला, कीं चिप ट्रान्झिस्टर बंद करते. पुढच्या फेरींत पुन्हां संधि, पुन्हां मोजमाप. सेकंदांतून लाख वेळां 'आतां पुरे' म्हणण्याची तिची तयारी असते.

आणि तरीहि बाहेरचा भार उतरला नाहीं तर? या चिपचें स्वतःचें पोट भरतें तें त्याच रोहित्रावरील एका लहान वेढ्यावर. बाहेर शॉर्ट झाला कीं रोहित्राचे सारेच दाब कोसळतात, आणि चिपलाहि अन्न मिळेनासें होतें. तिचा दाब १० व्होल्टच्या खालीं उतरला कीं ती सारें काम थांबवून निजते. मग मुख्य विजेकडून एका मोठ्या रोधांतून थेंब थेंब प्रवाह येत राहतो, आणि तिच्याजवळचा संधारक हळूहळू भरत जातो. १६ व्होल्ट भरले कीं ती पुन्हां उठते, एकदां प्रयत्न करून पाहते, आणि भार तसाच असेल तर पुन्हां निजते. तो प्रयत्न म्हणजे टिक्, आणि ती निद्रा म्हणजे मधली शांतता. प्रयत्नाचा क्षण अल्प आणि विश्रांति दीर्घ, त्यामुळें शॉर्ट तासभर राहिला तरी यंत्र फारसें तापत नाहीं. हीच ती उचकी. उचकी लागलेला पुरवठा बहुधा स्वतः धड असतो. बिघाड त्याच्यापुढें जोडलेल्या भारांत असतो.

हें मी आज पोक्तपणें सांगत आहें. पण मला तें कळलें तें एका चुकीमुळें. १९८७ सालचा जुलै. संगणकांसाठीं लागणाऱ्या पुरवठ्यांची एक खेप आमच्या कारखान्यांतून शनिवारीं जावयाची होती, आणि बुधवारीं दुपारीं तपासणीच्या टेबलावर एकामागून एक नग टिक् टिक् करूं लागले. वरिष्ठ म्हणाले, "मर्यादा फार कडक ठेवली आहे. थोडी सैल करा." मलाहि घाई होती. अर्ध्या ओहमच्या त्या रोधाशेजारीं मीं तेवढाच दुसरा रोध समांतर जोडला. दोहोंचा मिळून पाव ओहम झाला, आणि कथिलाच्या दोन थेंबांसरशीं २ अँपिअरची मर्यादा ४ अँपिअर झाली. टिकटिक थांबली. पांच मिनिटें गेलीं, दहा गेलीं, सारें सुरळीत. वरिष्ठांनीं माझी पाठ थोपटली. अकराव्या मिनिटाला बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, आणि टेबलावर धुराचा लोट उठला.

फेराइटच्या गाभ्यालाहि चुंबकत्व धारण करण्याची एक सीमा असते, आणि गाभा तापला कीं ती आणखी खालीं येते. ती ओलांडली गेली कीं रोहित्र हें रोहित्र राहत नाहीं, नुसती गुंडाळलेली तार होते, आणि प्रवाह भडकतो. चिपच्या डोळ्यांवर तर मींच पट्टी बांधलेली होती. ट्रान्झिस्टरचे तुकडे झाले होते; आणि कांचेचा फ्यूज, चोरी झाल्यावर आलेल्या शिपायासारखा, मागाहून काळा पडला होता.

रात्रीं साडेआठपर्यंत मी त्या टेबलाखालीं बसून एकेक तार तपासली. कारण सांपडलें तें लाजिरवाणें होतें. भार म्हणून टेबलाला जे मोठे रोध जोडलेले असत, त्यांच्या दोन ओळी सकाळीं कोणीतरी चुकून एकत्र जोडल्या होत्या. भार दुप्पट झाला होता. ज्या नगांना आम्ही नाठाळ ठरविलें, ते बिचारे दुपारपासून एवढेंच सांगत होते.

असे साडेतीन तास एका पेटीच्या टिकटिकीमागें घालवून मी दहाच्या सुमारास घरीं पोहोंचलों, आणि हातपाय धुवून नेहमींप्रमाणें म्हणालों, "वहिनी, ताट वाढतां का?"

त्या सालीं आमच्या घरीं दहा माणसें होतीं. मे महिन्यांत आई पडून तिच्या खुब्याचें हाड मोडलें होतें. तिचें सारें अंथरुणांत. माझी मुलगी दीड वर्षाची. माझी पत्नी ठाण्यास शाळेंत शिक्षिका. ती सकाळीं साडेसहालाच घर सोडी. जूनमध्यें गांवाहून एक चुलतभाऊ कॉलेजसाठीं येऊन राहिला होता. शिवाय वडील, दादा, वहिनींचीं दोन मुलें आणि मी. हा भार एकदम आला नाहीं. एकेक करून आला, आणि प्रत्येक वेळीं वहिनी एकच शब्द बोलल्या: "होईल." बेरीज कोणीच केली नाहीं.

त्या पावसाळ्यांत वहिनींना एक नवी सवय लागली होती. पोळ्या करतां करतां त्या मध्येंच गॅस बारीक करीत आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मिनिटभर बसत. मग उठत. चार पोळ्या झाल्या कीं पुन्हां बसत. आई अंथरुणांतून म्हणे, "अगं, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसूं नये." वहिनी कांहीं न बोलतां उठत. मीं तें पाहिलें होतें. वडिलांनीं पाहिलें होतें. दादांनींहि पाहिलें होतें. आम्ही सर्वांनीं त्याला सवय असें नांव दिलें आणि आपापल्या कामाला लागलों.

पुढच्या सोमवारीं पाण्याची बादली उचलतांना वहिनी मोरींत कोसळल्या. दवाखान्यांत रक्त तपासलें, तेव्हां हिमोग्लोबिन ५.५ निघालें, स्त्रियांना तें निदान १२ असावें लागतें. प्राणवायु वाहून नेण्याची रक्ताची शक्ति निम्म्याहून खालीं गेली होती, आणि ती तूट भरून काढण्यासाठीं हृदय कित्येक आठवडे धांवत होतें. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनीं कागदावरून नजर वर केली आणि दादांना विचारलें, "या आजपर्यंत उभ्या कशा होत्या?" दादांना उत्तर देतां आलें नाहीं. रक्ताच्या तीन बाटल्या चढवाव्या लागल्या.

दवाखान्याच्या बाकावर बसलों असतां मला तो बुधवार आठवला. कारखान्यांतील एका पेटीनें टिक् केलें, तर मी गुडघे टेकून टेबलाखालीं बसलों. घरांतलें माणूस दोन महिने बसत होतें, उठत होतें, पुन्हां बसत होतें, आणि त्याच्यापाशीं मीं ताट मागितलें. शिवाय हेंहि कबूल केलें पाहिजे, कीं पेटीच्या बाबतींतसुद्धां मीं आधीं कारण शोधलें नाहीं. आधीं मर्यादा सैल केली. घरांत आम्ही तेंच करीत होतों. "वहिनींचा उरक कांहीं औरच," "वहिनींना सांगा, त्या चुटकीसरशीं करतील," अशी जी स्तुति आम्ही येतां जातां करीत असूं, ती दुसरें काय होती? तिसऱ्या पायाजवळच्या रोधाला जोडलेला तो दुसरा रोध. तिच्यामुळें टिकटिक थांबे; भार कमी होत नसे.

वहिनी घरीं येईपर्यंत वडिलांनीं एक गोष्ट केली. ते निवृत्त हिशेबनीस. त्यांनीं एका वहींत घरांतलीं सारीं कामें लिहून काढलीं, आणि प्रत्येकापुढें तें कोण करतें त्याचें नांव घातलें. पहिलें पान संपण्यापूर्वींच ते थांबले, चष्मा पुसला, आणि नांव लिहिण्याऐवजीं नुसतें वरच्यासारखें चिन्ह करीत गेले. ती वही रात्रीं आम्हां सर्वांपुढें ठेवण्यांत आली. सकाळचें पाणी आणि चहा दादांनीं घेतला. दळण आणि रेशन चुलतभावाकडे गेलें. आईचें रात्रीचें मीं घेतलें. पत्नीनें शाळेची दुपारची पाळी मागून घेतली. पोळ्यांना बाई लावली. आणि फ्यूजमध्यें एकदां जाड तार घालणारे माझे वडील रोज सकाळीं ओटीवर बसून भाजी निवडूं लागले. ती व्यवस्था अखंड टिकली असें म्हणेन तर खोटें होईल. दोन वर्षांत निम्मीं कामें हळूच पुन्हां वहिनींकडे सरकलीं. पण वही राहिली, आणि कोणी उंबऱ्यावर बसलें कीं तिची आठवण होई.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक कुरकुरीसरशीं थांबावयाचें तर संसार चालेल कसा? हा प्रश्न नियंत्रकापुढेंहि आहे. ट्रान्झिस्टर जोडला जातो त्या पहिल्या क्षणींच प्रवाहाची एक उंच, अणकुचीदार लहर उठते. ती खऱ्या भाराची नसते. तिला भिऊन चिप दर वेळीं बंद पडूं लागली तर कांहींच काम होणार नाहीं. म्हणून त्या पहिल्या क्षणीं, सेकंदाच्या दहालक्षांश भागाहूनहि कमी काळ, तिचे कान मुद्दाम झांकलेले असतात. त्यापुढें मात्र ते उघडे असलेच पाहिजेत. दुसऱ्या एका जातीचे नियंत्रक एकदां बंद पडले कीं मुख्य बटण बंद करून पुन्हां लावीपर्यंत उठतच नाहींत. तशीं माणसेंहि मीं पाहिलीं आहेत. एकदां दुखावलीं कीं वर्षानुवर्षें मुकीं. त्यांच्यापेक्षां उचकी देणारा मला समंजस वाटतो. तो थांबतो, पण दार कायमचें लावीत नाहीं.

असो. त्या आषाढांतल्या सायंकाळीं मीं ॲडाप्टर सॉकेटमधून काढला, पण उघडला नाहीं. वीज काढल्यावरहि त्याच्या संधारकांत ३२५ व्होल्ट कांहीं काळ दबा धरून बसूं शकतात, आणि या वयांत माझा हात थोडा थरथरतो. त्याऐवजीं राउटरकडे जाणारी बारीक तार मी बोटांनीं चांचपीत गेलों. पुस्तकांच्या कपाटामागें बोटें थांबलीं. भिंतीला ओल आली म्हणून त्याच दुपारीं चिरंजीवांनीं आणि नातवानें कपाट सरकविलें होतें, आणि त्याचा पाय नेमका तारेवर बसला होता. वरचें आवरण चिरडून आंतल्या दोन्ही तारा एकमेकींना लागल्या होत्या. आम्ही कपाट हलविलें. चिरडलेला बोटभर तुकडा कापून टाकला, धन आणि ऋण नीट पाहून टोकें पुन्हां जोडलीं, आणि प्रत्येकीवर वेगळी टेप गुंडाळली. ॲडाप्टर सॉकेटमध्यें घातला. एक टिक् नाहीं. राउटरचे दिवे एकामागून एक लागले.

"म्हणजे हा जळला नव्हताच?" नातवानें विचारलें. "मग इतका वेळ काय करीत होता?"

"दर सेकंदाला उठून पाहत होता, कपाट हललें का म्हणून."

वहिनींची मालिका परत आली होती, पण त्यांनीं आवाज बंद ठेवला होता. "थांबली का हो उचकी त्याची?" त्या म्हणाल्या. "कोण आठवण काढीत होतं?"

"मीच," मी म्हणालों. "पण त्याची नव्हे, तुमची. तुम्ही उंबऱ्यावर बसत होतां, त्या पावसाळ्याची."

त्यांनीं क्षणभर माझ्याकडे पाहिलें. दादांना जाऊन नऊ वर्षें झालीं. त्या दिवसांबद्दल बोलावयाला घरांत आतां फार थोडीं माणसें उरलीं आहेत. "उचकी कसली," त्या म्हणाल्या. "दम लागे, म्हणून बसत होतें."

"तीच ती, वहिनी. आम्ही ऐकली नाहीं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या पेटीला पुन्हां उठायला कोण सांगतं, भाऊजी?"

"कोणी नाहीं. आंत पुरेसा दाब भरला कीं ती आपण होऊन उठते."

"बघा," वहिनी म्हणाल्या. "मला तुम्ही सगळे हांका मारीत होतां." आणि त्यांनीं मालिकेचा आवाज मोठा केला.

मला यावर उत्तर सुचलें नाहीं. नातवाला म्हणालों, "मोठ्या आजीसाठीं चहा टाक रे." तो "हो, पांच मिनिटांत," असें म्हणून हातांतल्या फोनकडे वळला. मग मीच उठलों.